‘राहू दे, मी खाते!’

मैत्रिणींनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. उत्तर मला नका सांगू, स्वतःलाच द्या, पण खरं द्या. काल रात्री तुमच्या घरी जी दीड पोळी, वाटीभर भाजी आणि डावभर भात उरला, तो आज दुपारी कुणाच्या ताटात गेला? नवऱ्याच्या? मुलांच्या? की ‘राहू दे, मी खाते’ म्हणत तुमच्याच?

माझं उत्तर मला पाठ आहे. लग्नाला चोवीस वर्षं झाली, उत्तर बदललं नव्हतं. गेल्या मे महिन्यापर्यंत तरी नव्हतंच.

आम्ही थेरगावात राहतो, डांगे चौकापासून चालत दहा मिनिटांवर. हे भोसरीला एका कंपनीत, शिफ्टची ड्युटी. कधी पहाटे पाचला डबा, तर कधी रात्री बाराला जेवण. लेक कॉलेजात, तिची जेवायची वेळ तिची तिलाच माहीत नसते. सासूबाईंचे सोमवार, एकादशी, चतुर्थी. अशा घरात स्वयंपाकाचा अंदाज बांधणं म्हणजे पवनेच्या पाण्याचा अंदाज बांधण्यासारखंच! रोज काही ना काही उरतं आणि मग फ्रिजच्या दारात भांडण सुरू होतं.

एक म्हणते टाकू नको, दुसरी म्हणते खाऊ नको

सासूबाई पारनेर तालुक्यातल्या. १९७२च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, तिथे वाटली जाणारी सुकडी खाल्ली, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. “थापता थापता तुटायची गं ती भाकरी, तुकडे जोडून भाजायचो,” असं त्या अजून सांगतात. अशा बाईला ‘हे टाकून द्या’ कुठल्या तोंडाने म्हणायचं? जमिनीवर पडलेला पोळीचा तुकडासुद्धा त्या कपाळाला लावून मगच बाजूला ठेवतात.

आणि लेक? तिची पिढी तारखेची. त्यात २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची साथ आली, आमच्या पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण निघाले. तेव्हापासून तर तिने धसकाच घेतलाय. त्या साथीत मुख्य संशय होता दूषित पाण्यावर. घरातल्या शिळ्या पोळीचा त्यात काही संबंध नव्हता. पण भीतीला एवढं कुठं कळतं? बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख कालची असली, की पुडा थेट ओल्या कचऱ्याच्या बादलीत. सकाळी घंटागाडी आली की सासूबाई बादलीत डोकावतात आणि आमच्याकडे महाभारत!

“आजी, अगं एक्स्पायर झालंय ते!”

“वास तरी घेऊन बघितलास का?”

दोघींच्या मधे मी. टाकलं तर सासूबाई दुखावणार, वाढलं तर लेक ताट सरकवणार. मग मी माझ्यापुरती एक वाट काढली होती. कुणाला न सांगता, उभ्या उभ्या, ओट्याशीच खाऊन टाकायचं. अन्नही वाया गेलं नाही आणि वादही मिटला. मला वाटायचं, केवढी शहाणी मी!

तो मसालेभात

मे महिन्यातला रविवार होता. घरी सत्यनारायण. मोठं पातेलंभर मसालेभात केला होता. संध्याकाळी पाहुणे पांगले तरी भात बराच उरला. फ्रिजमध्ये शिरा, श्रीखंड, दूध आणि चिरलेली फळं कोंबलेली, पातेल्याला जागा कुठली? झाकण ठेवून ते ओट्यावरच राहिलं.

सकाळी झाकण काढून वास घेतला. चांगला होता. आंबूस वास नाही, तार नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी त्यातला मोठा डबा भरून दिला. ह्यांच्या डब्याला ताज्या पोळ्या, लेक परीक्षेला गेलेली, सासूबाईंचा सोमवार. दुपारी एकला मी उरलेल्या भातावर लसणाची खमंग फोडणी टाकली, वर कोथिंबीर पेरली आणि पोटभर जेवले. मसालेभात दुसऱ्या दिवशीच जास्त मुरतो, असं आपण म्हणतोच की.

साडेतीनला मळमळायला लागलं. चारला पहिली उलटी झाली. पाचपर्यंत किती झाल्या ते मोजायचं त्राण राहिलं नव्हतं. सासूबाईंनी शेजारच्या वहिनींना हाक मारली, त्यांनी रिक्षा बोलावली आणि मला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तोवर लेकही परीक्षेहून धावत तिथे आली. सलाईन लावता लावता बाईंनी विचारलं, “घरात आणखी कुणाला त्रास?”

“नाही.”

“म्हणजे तुम्ही एकटीनेच काहीतरी वेगळं खाल्लंय.”

एकटीनेच! मी भाताचं सांगितलं आणि सांगता सांगताच अंगावर काटा आला. मावशींचा डबा! त्यांना दोन लहान लेकरं. लेकीला खूण केली, फोन लाव म्हटलं. तिने फोन माझ्या कानाला धरला.

“मावशी, तो भात पोरांनी खाल्ला का?”

“न्हाई ताई. रातभर बाहेर राह्यलेला भात, पोरास्नी कसा देऊ? त्यांना खिचडी टाकली सकाळी. तो मी ठिवलाय. मीच खाणार रातच्याला.”

मला क्षणभर बोलताच येईना. माझ्या घरात मी आणि तिच्या घरात ती. लेकरांना द्यायला जो भात तिला धजावला नाही, तो स्वतः खायला तिने बाजूला काढून ठेवला होता. आणि मी? ह्यांच्या डब्यात जो भात मी दिला नसता, तोच मावशींच्या हातावर ठेवला होता. वर ‘वाया जाण्यापेक्षा बरं’ असं समाधानही करून घेतलं होतं.

“मावशी, टाकून द्या तो.”

“येवढा?”

“टाका. आत्ताच्या आत्ता.”

दोन वाट्या भात वाचवायला गेले आणि दवाखान्याचं बिल भरून बसले, हे हसण्यावारी नेता येईल. पण तो फोन नाही विसरता येत.

नाकाला जे कळत नाही

दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “अहो, वास घेतला होता, चव घेतली होती, वर चांगली कढत फोडणी दिली होती. मग झालं कसं?”

त्या म्हणाल्या, “तपासणीशिवाय नक्की नाव घेता येणार नाही. पण रात्रभर बाहेरचा भात आणि दोन-तीन तासांत उलट्या, म्हणजे संशय कुणाचा ते आम्हाला कळतं.”

त्या संशयिताचं नाव बॅसिलस सिरीयस. हा जिवाणू मातीत असतो, तिथून तांदळात येतो. भात शिजवला की जिवाणू मरतो, पण त्याची बीजं टणक कवचाची असतात, ती उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात गरम असेपर्यंत ती गप्प बसतात. भात कोमट झाला, तसाच ओट्यावर राहिला, की रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. आणि खरी मेख पुढेच आहे. हे विष नंतर कितीही तापवलं तरी मरत नाही. म्हणजे माझी लसणाची फोडणी फक्त चवीपुरती होती.

हाताला जखम असेल किंवा सर्दी-शिंका असतील, तर आपल्या हातातून, नाकातून अन्नात जाणारे जंतूही अशाच जातीचे. तेही वेळ मिळाला की अन्नात विष सोडतात आणि ते विषही उकळून जात नाही. लग्नकार्यातली मोठी पातेली, त्यातली आमटी किंवा रस्सा, आतून तासन्‌तास कोमट राहतात. तिथे आणखी एका जातीचे जंतू मजेत वाढतात.

“आणि वास?” मी विचारलं.

“अन्न आंबवणारे, नासवणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बरेचदा वेगळे,” त्या म्हणाल्या. “पहिले वास सोडतात, चव बिघडवतात, म्हणजे निदान वर्दी देऊन येतात. दुसरे गुपचूप येतात. नाक सांगतंय ‘वाईट’, तर शंभर टक्के टाका. पण नाक ‘चांगलं’ म्हणतंय एवढ्यावर विसंबू नका.”

मग विसंबायचं कशावर? घड्याळावर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस या टापूत जंतू भराभर वाढतात. म्हणून एक तर अन्न वाफाळतं गरम हवं, नाही तर फ्रिजमध्ये ५ अंशांच्या खाली. आपल्याकडच्या मे महिन्यात तर दोन तासही जास्तच, तासाभरात आत ठेवलेलं बरं. खाताना पुन्हा नीट वाफ येईपर्यंत गरम करायचं, तेही एकदाच. म्हणजे भात वेळेवर थंड करून आत ठेवला असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या फोडणीच्या भाताला कुणाची ना नाही. माझी चूक भात शिळा खाण्यात नव्हती. तो रात्रभर ओट्यावर ठेवण्यात होती.

शिळं वेगळं, विटलेलं वेगळं

सलाईन संपेपर्यंत पडून होते, तेव्हा मनात एक गंमत आली. आपल्या मराठीत बिघडलेल्या अन्नाला किती शब्द आहेत बघा. दूध नासतं, आमटी आंबते, भाजी विटते, ताक पितळेच्या भांड्यात कळकतं, खोबरं खवट होतं, पाव बुरसतो, पिठाला जाळी लागते, भाताला तार सुटते. सासूबाईंना हे सगळे शब्द येतात. लेकीला एकच येतो, एक्स्पायर.

आणि ‘शिळं’ हा शब्द या यादीत नाहीच! शिळं म्हणजे फक्त कालचं. शिळी भाकरी दुधात कुस्करून खाल्लेली, फोडणीची पोळी, प्रवासातल्या दशम्या, धपाटे. हे शिळं खाऊन पिढ्या वाढल्या. आपल्या आज्यांना एक नियम पक्का ठाऊक होता. पाणी कमी, तर टिकाऊ जास्त. दशमी दुधात भिजवायची, पाण्यात नाही. भाकरी कोरडी म्हणून टिकते, भात ओला म्हणून नाही. पापड-कुरडया वाळवून टिकतात, लोणचं मिठा-तेलाने, मुरंबा साखरेने. जिथे जंतूला पाणी मिळत नाही, तिथे त्याचं काही चालत नाही. ओला चमचा लोणच्यात घातला की सासूबाई का ओरडतात, ते मला आता कळतं.

गंमत म्हणजे पाकिटावरच्या तारखांतही हाच फरक आहे. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे या तारखेपर्यंत चव, खुसखुशीतपणा उत्तम राहील. त्यानंतर तो कमी होऊ शकतो, पण पदार्थ लगेच अपायकारक होतो असं नाही. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ म्हणजे त्यापुढे खायचं नाही, दुकानदाराने विकायचंही नाही. सोपं करून सांगायचं तर ‘बेस्ट बिफोर’ उलटलं म्हणजे शिळं, ‘एक्स्पायरी’ उलटली म्हणजे विटलेलंच समजायचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांप्रमाणे आता पाकिटावर ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख छापणं बंधनकारक आहे, ‘बेस्ट बिफोर’ ही जादाची माहिती. आणि एक गोष्ट आपण हमखास विसरतो. ती तारीख बंद पाकिटाची असते. पाकीट फोडलं, की तारखेचा भरवसा संपला. दुधाची पिशवी, पनीर, सॉस, सगळ्यांना हे लागू.

म्हणून लेकीला मी आता सांगते, तारखेच्या आधी कोणती तारीख आहे ते वाच. ब्रिटनमध्ये टेस्को नावाच्या मोठ्या दुकानांनी २०१८ साली बऱ्याच फळ-भाज्यांवरच्या ‘बेस्ट बिफोर’ तारखा काढूनच टाकल्या, कारण चांगल्या वस्तू लोक नुसत्या तारखेपायी फेकत होते. आपल्याकडेही संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२४च्या अहवालातला अंदाज असा, की घराघरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. म्हणजे सासूबाईंचा जीव तुटतो, तो उगाच नाही. दुकानदार एक्स्पायरी उलटलेला माल विकत असेल तर मात्र गप्प बसू नका. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर आहे, १८००-२२२-३६५.

बुरशी आणि आमची एच.ए.

आमच्या भागात बुरशीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. “अहो, बुरशीला काय घाबरायचं? हिच्यातूनच तर एच.ए.मध्ये पेनिसिलिन काढायचे!” पावाचा हिरवा कोपरा तोडून बाकीचा पाव चहात बुडवणाऱ्या आमच्या शेजारच्या वहिनीसुद्धा हेच म्हणतात.

एच.ए. म्हणजे पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. १९५४ साली सुरू झालेली, सरकारी क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी. इथल्या कितीतरी घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. आमच्या इमारतीतले एक काका तिथूनच निवृत्त झालेत. मी आजारी पडल्यावर बघायला आले, तेव्हा वहिनींनी त्यांच्यासमोरच हे वाक्य टाकलं. काका खो खो हसले.

“वहिनी, आमची बुरशी निवडून घेतलेली, एकाच जातीची. मोठाल्या बंद टाक्यांत वाढायची, बाहेरचा एक जंतू आत जाऊ नये म्हणून केवढी काळजी! त्यातून औषध वेगळं काढायचं, शुद्ध करायचं, तपासायचं. तुमच्या पावावर कोण पाहुणा येऊन बसलाय, त्याची जातकुळी तपासलीत का?”

मग त्यांनीच सांगितलं, की बुरशी मारणारं हमायसिन हे औषधही एच.ए.मधल्याच शास्त्रज्ञांनी शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याच्या शास्त्रीय नावातसुद्धा आमची पिंपरी आहे, ‘पिम्प्रिना’! म्हणजे बुरशीपासून औषध आणि बुरशीवर औषध, दोन्ही आमच्या गावचं. पण म्हणून बुरसलेला पाव हे औषध होत नाही. वर दिसतो तो हिरवा डाग, त्याची मुळं मऊ पावात खोलवर गेलेली असतात. कोपरा तोडून भागत नाही, सगळा पाव टाकायचा.

शेंगदाण्याचं त्याहून जपायचं. ओल लागलेले, काळपट, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे निवडून फेका. भाजून, कूट करून ‘चालवून’ घेऊ नका. त्यातल्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाला घालतं आणि ते भाजून जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरात सीमेवरच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसात भिजलेला, बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. त्यांच्याकडे दुसरं खायला नव्हतं. आपल्याकडे आहे, तरी आपण काळे दाणे वेगळे काढून ‘माझ्या चटणीला होतील’ म्हणतो!

उपासाच्या दिवशीसुद्धा

हे ऐकून सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भगरीच्या पिठाचा डबा घेऊन आल्या. महाशिवरात्रीला दळून आणलेलं, त्यातलं उरलेलं. “हे गं?” एवढंच त्यांनी विचारलं.

उपासाचं म्हणजे सोवळं, त्याला काय होतंय, असं आपल्याला वाटतं. पण २०२४च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोकांना विषबाधा झाली होती. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा बाहेर झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवल्या होत्या. ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. नवरात्र आलं की अन्न व औषध प्रशासन भगरीबद्दल सूचना काढतं. भगर दमट हवेत ओल धरते, तिच्यावर बुरशी येते आणि ती बुरशी विष तयार करते. पीठ तर आणखीच लवकर ओल शोषून घेतं. म्हणून सुटी भगर किंवा सुटं पीठ आणू नका. बंद पाकीट तारीख बघून घ्या, भगर निवडा, स्वच्छ धुवा. पीठ लागेल तेवढंच दळा, साठवू नका. आणि केलेली भगर लगेच संपवा.

सासूबाईंनी डबा हातात धरला, थोडा वेळ बघितलं. टाकायचं धाडस त्यांना त्या दिवशी झालं नाही. लेकीने हळूच त्यांच्या हातातून घेतला. या वेळी मात्र भांडण झालं नाही.

आमच्या घरचा नवा कायदा

त्यानंतर आम्ही चौघं बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून सांगते.

जेवणं झाली की उरलेलं तासाभरात आवरायचं. मोठ्या पातेल्यात तसंच न ठेवता पसरट भांड्यात, थोडं थोडं काढायचं, म्हणजे लवकर थंड होतं. मग झाकून फ्रिजमध्ये. भात दुसऱ्या दिवशी संपवायचा, तिसरा दिवस बघायचा नाही. फ्रिज गच्च भरायचा नाही, आत हवा खेळली पाहिजे. वीज गेली तर दार सारखं उघडायचं नाही. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो, त्याहून जास्त वेळ गेला तर दूध, भात, मांसाहारी पदार्थ यांची आशा सोडायची. हिरवा पडलेला बटाटाही नको, त्यातलं विष शिजून जात नाही. कांद्याला कोंब आला तर मात्र बिनधास्त वापरा. आणि शंका आली तर ‘चाखून बघू’ हे बंद. चाखणारीही माणूसच असते ना!

घरात गरोदर मुलगी, तान्हं बाळ, वयस्क माणूस किंवा मोठ्या आजारातून उठलेलं कुणी असेल, तर आणखी जपा. काही जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतात, त्यांचा फटका आधी यांना बसतो. ‘पहिलटकरीण आहे, तिला ताजं वाढा’ असं आपल्याकडे म्हणतात, ते खरंच आहे.

पण सगळ्यांत मोठं कलम वेगळंच आहे. उरलेलं खायचं तर सगळ्यांनी. शनिवारची रात्र आमच्याकडे ‘उरलंसुरलं’ची. फोडणीची पोळी, भाज्यांची एकत्र भाजी, डाळीचं थालीपीठ. सगळं फ्रिजमधलं, नीट ठेवलेलं, कढत केलेलं. ह्यांच्याही ताटात तेच, लेकीच्याही ताटात तेच. पहिल्या शनिवारी ह्यांनी नाक मुरडलं. दुसऱ्या शनिवारी फोडणीच्या पोळीत शेंगदाणे कमी पडले म्हणून तक्रार केली. म्हणजे खपली!

आणि मावशींचं. आता काही द्यायचं असेल तर ते रात्रीच, जेवायच्या आधी, ताजं काढून फ्रिजमध्ये ठेवते. आपण जे लेकीच्या ताटात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात नाही. गाईलाही नाही. विटलेलं गाईला घालून पुण्य मिळतं, असं वाटत असेल तर एकदा गुरांच्या डॉक्टरांना विचारा. सोसत नाही तिला.

गेल्या महिन्यात एका रात्री वीज गेली ती सकाळीच आली. फ्रिजमध्ये वाडगाभर भात होता. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनीच तो वाडगा उचलला. कपाळाला लावला, पुटपुटत काहीतरी म्हटलं आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत रिकामा केला. माझ्या पोटात कालवलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच शिजलेलं अन्न टाकलं होतं.

हात धुता धुता म्हणाल्या, “अन्न वाचवायचं ते तांदूळ मोजताना, अगं. नंतर आपल्या पोटात ढकलून वाचत नसतं ते.”

त्या दिवसापासून आमच्याकडे तांदळाची वाटी शिगोशिग भरत नाही, बोटभर कमी असते. आणि तरीही उरलंच, तर मी स्वतःला एकच विचारते, हे मी लेकीला वाढेन का? उत्तर ‘हो’ आलं तर चौघांत वाटून खातो. ‘नाही’ आलं तर मीही खात नाही.

आज रात्री भांडी आवरताना तुमच्याही तोंडात ते वाक्य येईल, ‘राहू दे, मी खाते’. आलं की एवढाच प्रश्न विचारून बघा. आणि तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही विचारा, ताई, घरी नेलेलं तुम्ही सगळे खाता, की तुम्ही एकट्याच?